खलनायक की प्रतिनायक?

प्रश्न : 'ब्लॅक पँथर' (२०१८) या मार्व्हलच्या चित्रपटावर लिहितोय. त्यात नायकाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या किलमाँगरला खलनायक म्हणायला मन धजत नाही. प्रतिनायक चालेल का, की दोन्ही एकच?

उत्तर : एक नाहीत. प्रतिनायक ही कथेतली जागा झाली, 'खल' हा स्वभावावरचा शेरा. मात्र जुन्या साहित्यशास्त्रात प्रतिनायक काही सोज्ज्वळ नाही. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त तो धीरोद्धत (म्हणजे गर्विष्ठ, उद्दाम), पापी आणि व्यसनी आहे. उदाहरण रामासमोरच्या रावणाचं. तटस्थपणे 'विरोधातलं मुख्य पात्र' हा अर्थ आपण आज घेतो, आणि तो घ्यावा.

किलमाँगरच्या बाबतीत अडचण शब्दाची कमी, पटकथेची जास्त आहे. जगभर कृष्णवर्णीय भरडले जात असताना वाकांडा हे आफ्रिकेतलं काल्पनिक राज्य एवढं समर्थ असूनही गप्प का बसलं, हा त्याचा सवाल दरबारात कुणाला खोडता येत नाही. मग त्याला क्रूर केलं जातं. राजा झाल्यावर तो राजाला अचाट बळ देणाऱ्या वनौषधींची बाग जाळायला सांगतो. त्यात गादी टिकवण्याचा हिशेब तरी आहे. पण पुढच्या राजाला लागतील म्हणून विनवणाऱ्या म्हातारीचा गळा धरून तिला उचलतो, ते कशासाठी? प्रेक्षकाने त्याची बाजू सोडावी, एवढ्याचसाठी. ज्ञानेश्वरांनी खळ आणि त्याची व्यंकटी वेगळी काढली होती. इथे व्यंकटी वरून चिकटवली आहे.

मार्व्हलच्याच 'द विंटर सोल्जर' (२०१४) मध्येही तेच. सगळ्यांवर पाळत ठेवून धोकादायक वाटेल त्याला आधीच मारणारी सरकारी यंत्रणा, केवढा मोठा विषय! पण ती हायड्रा या गुप्त दुष्ट संघटनेने आतून पोखरलेली निघते आणि सत्तेचा दोष घुसखोरांच्या माथी जातो.

प्रतिसाद : क्रूरता दाखवल्याने त्याचा सवाल खोटा कसा ठरेल? शेवटी नायक, म्हणजे वाकांडाचा राजा टचाला, ऐकतोच की. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये मदतकेंद्र उघडतो.

उत्तर : ऐकतो, पण अर्धंच. किलमाँगरला जगभरच्या कृष्णवर्णीयांना शस्त्रं वाटायची होती; ती वाटायची नाहीत हे मलाही पटतं. तरी हक्काची मागणी मदतकार्यावर भागवली जाते, आणि मागणारा तोवर मेलेला असतो. टचाला त्याला वाचवायला तयार होता हेही खरं. नकार किलमाँगरचाच होता. तो मृत्यू मला चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो, म्हणून आधीची कारागिरी जास्त खुपते.

तेव्हा पात्राचा उल्लेख करताना 'प्रतिनायक' लिहा, आणि पटकथेबद्दल बोलताना 'त्याला खलनायक ठरवलं' असं लिहा. मार्व्हलच्याच 'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'मधल्या थॅनॉसला मात्र बेधडक खलनायक म्हणा. अर्धी जीवसृष्टी पुसणाऱ्याच्या 'साधनं अपुरी आहेत' या युक्तिवादाला तिथे उगाच फार वजन दिलं आहे.