पाचवीच्या लेकरांना शरीर शिकवायचंय, चित्रातून आणि इंग्रजीतून. कोणी केलंय का?

कयाधूकाठचा
नमस्कार मंडळी. हिंगोली जिल्ह्यात झेडपीची शाळा, पाचवीचा वर्ग माझ्याकडं आहे. परिसर अभ्यासात शरीराच्या आतले अवयव शिकवायचेत, इंग्रजीत बॉडी पार्ट्स आहेतच, आणि चित्रकलेचा तास म्हणजे आमच्याकडं फूल काढा नाहीतर झेंडा काढा. म्हणलं तिन्ही एकत्र करून हेच घ्यावं. पण होतंय काय, मी तक्ता लावला की लेकरं तक्ता जसाच्या तसा उतरवतात, बाण काढून स्टमक लंग्ज किडनी लिहितात आणि दुसऱ्या दिवशी "वेअर इज युवर लिव्हर?" विचारलं की निम्मा वर्ग बेंबीवर हात ठेवतो. नावं पाठ आहेत पण अंगात कुठं काय ते पत्ता नाही, अन इंग्रजीचं तर एक वाक्य तोंडातून निघंना. त्यात दिवाळीनंतर काही लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला जातात, म्हणून त्याच्या आधीच उरकायचंय. पैसा नाही, कार्डशीट बिर्डशीट सांगू नका.

खडूफळा_माजलगाव
सर, तो तक्ता आधी गुंडाळून कपाटावर टाका. शेवटच्या दिवशी काढा, तोवर दाखवूच नका.

गावात वाढदिवसाचे फ्लेक्स किती लागतात बघा, उतरवले की कोणी विचारत नाही. पाठीमागून पांढरा असलेला बघून आणायचा. एका पोराला त्यावर उताणं झोपवायचं, जोडीदारानं कडेनं स्केचपेन फिरवायचा, उठलं की त्याचाच आकार तिथं तयार. आता आतलं सामान भरा म्हणायचं. हृदय केवढं? ज्याचं चित्र त्याची मूठ, तेवढाच कागद कापायचा. खरी मजा आतड्यात. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर, म्हणजे २० फूट. आमच्या इथं एका पोरीनं आजीची जुनी सहावारी आणली, ती साडेपाच मीटरच्या आसपास भरते, तिला पीळ घालून दोरासारखी केली आणि म्हणलं बसवा पोटात. सरळ टाकली तर पायाच्याही खाली जायली, गोल गुंडाळली तर छातीवर चढायली, बराच वेळ नुसता गोंधळ. शेवटी एकीनं खालीवर मोडी घालत घालत बसवली. आतडं असं वेटोळं का असतं ते मला सांगायचं कामच पडलं नाही. मोठं आतडं दीड मीटर, त्याला जाड सुतळी घ्या, ती लहान आतड्याच्या कडेनं चौकटीसारखी फिरवा.

सिस्टर_लातूर
खडूफळा सर, छान. एक गोष्ट मात्र आधीच करा नाहीतर सगळं उलटं बसतंय. लेकरू उताणं झोपलं की चित्राचं तोंड आपल्याकडं होतं, म्हणजे त्याचा डावा हात आपल्या उजवीकडं. मग लेकरं स्वतःच्या डाव्या बाजूला बघून हृदय टाकतात आणि ते भलतीकडंच जातं. लेकरू उठायच्या आधी त्याच्या दोन्ही हातांशी लेफ्ट आणि राइट लिहून घ्यायचं, त्याच्याच हातानं.

आणि हृदय अगदी डावीकडं काखेपाशी नका काढू देऊ. ते छातीच्या मधोमधच असतं, टोक तेवढं डावीकडं कललेलं. म्हणून तर डाव्या फुप्फुसाचे दोन खंड आणि उजव्याचे तीन, डावीकडच्याला जागा कमी. लिव्हर उजवीकडं, बरगड्यांच्या आत, बेंबीपासून बरंच वर. बेंबीवर हात ठेवणारी आमच्या ओपीडीत मोठी माणसंबी येतात, लेकरांना काय बोलायचं.

शब्दवेडी_परभणी
सर तुमची इंग्रजीची अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. लेकरांना इंग्रजी बोलायची गरजच पडत नाही हो, चित्र समोर दिसतंय, बाण काढला की झालं. गरज पडेल असं काम द्या.

मी हे करते: दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकानं आधी एक भूत काढून ठेवलेलं असतं आणि ते दुसऱ्याला न दाखवता इंग्रजीत सांगायचं. "इट हॅज थ्री आइज. द नेक इज लाँग. द लेफ्ट लेग इज शॉर्ट." दुसऱ्यानं ऐकून काढायचं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. भूतच का, तर साधा माणूस काढायला सांगितला की ऐकणारा ऐकतच नाही, दोन डोळे एक नाक त्याला माहीतच असतं. तीन डोळे आणि गुडघ्याला कान म्हणलं की कान टवकारून बसतो. आणि गुडघ्याचा कान चुकून मानेवर निघाला की भांडण लागतं, मी नी (गुडघा) म्हणलो होतो, नाही तू नेक (मान) म्हणलास. ते भांडण इंग्रजीतच होऊ द्या. मोडकं बोलले तरी मध्ये पडू नका. वाक्याचे साचे तीन-चारच फळ्यावर ठेवायचे, बास.

अजून एक. पाचवीच्या काही मुली सगळ्यांसमोर झोपून आकार काढायला लाजतात. मुलींचा मुलींनी काढायचा, नाहीतर सकाळच्या उन्हात उभं करून भिंतीवरची सावली गिरवायची. जबरदस्ती अजिबात नको.

चित्रकलावाला_संभाजीनगर
वरचं सगळं पटलं, पण अवयव भरायच्या आधी मापं घ्या. लेकरं डोळे कपाळावर काढतात, खरं तर टाळूपासून हनुवटीपर्यंत अंतर घेतलं तर डोळे बरोबर मध्ये येतात. सुतळीनं मोजायला लावा, त्यांना खोटंच वाटतं. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत घ्या, जवळपास उंचीएवढं. कोपर ते मनगट आणि स्वतःचं पाऊल, जवळपास सारखं. आपलं डोकं उंचीत किती वेळा बसतं तेही बघा, मोठ्या माणसात साडेसातच्या आसपास, तान्ह्या बाळात चारच. "माय फूट इज ट्वेंटी सेंटिमीटर्स लाँग" हे वाक्य मग आपोआप येतं, कारण आकडा त्याचा स्वतःचा असतो.

सापळ्यासाठी प्लॅस्टिकचा सांगाडा नसला तर नसू द्या. सहल वेरूळला येणारच असेल तर २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात नक्की थांबा. सगळे गाइड कैलास लेण्याकडं पळवतात, पण रामेश्वरात सप्तमातृकांपाशी काळाची, म्हणजे मृत्यूच्या देवाची, हाडं वर आलेली मूर्ती आहे, बरगड्या मोजता येतील अशी. सहाव्या शतकातलं काम. लेकरांना तिथं बसवून स्केच करू द्या आणि मग स्वतःच्या बरगड्या चाचपायला सांगा, १२ जोड्या. व्हेसालियस या युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञानं १५४३ मध्ये पुस्तकात छापलेलं सापळ्याचं चित्रही मोबाइलवर दाखवा, तो फावड्याला टेकून उभा आहे. शेतातल्या लेकरांना तो लगेच ओळखीचा वाटतो. हाडं वर्गातच करायची तर कडब्याची चिपाडं आणि बाभळीचे काटे, एवढ्यात हात-पाय उभे राहतात.

नुसता_वाचक
सगळं भारी आहे पण चाचणीत स्पेलिंगच विचारणार. आणि पालक वही बघतात, फ्लेक्स नाही. भुतं काढून काय होणार?

शब्दवेडी_परभणी
@नुसता_वाचक भुताच्या खाली लेकरं नावं लिहितातच की. फक्त शेवटी. आणि पालकांना शाळेत बोलवा, पोरीला फ्लेक्सपाशी उभी करून बोलू द्या, कोणी वही मागत नाही मग.

कयाधूकाठचा
सगळ्यांचे आभार. सिस्टर, लेफ्ट-राइटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असं ठरवतोय: पहिले दोन दिवस सुतळी अन मापं, मग आकार, मग भुतं मधूनमधून रोज थोडी, साडी शेवटी. रामेश्वर लेणं सहलीपर्यंत राहील, तेव्हा ऊसतोडीची लेकरं नसतील, त्यांच्यासाठी फोटो आताच दाखवतो. @खडूफळा, फ्लेक्सवर साधा स्केचपेन टिकतो का पुसला जातो? मार्कर घ्यायचा असेल तर एक-दोनच परवडतील.

खडूफळा_माजलगाव
साधा पुसला जातो सर, मार्करच घ्या. काळा एकच बास, रंगाला गेरू आणि हळद.