ऑगस्ट ४२ कशाने पेटला : गांधीजींच्या भाषणाने की पहाटेच्या अटकसत्राने?

पुराभिलेख

इतिहास घडवणाऱ्या राजकीय भाषणांची चर्चा निघाली की ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी केलेल्या भाषणाचा उल्लेख हमखास होतो, आणि त्या भाषणाने देश पेटून उठला हे वाक्यही त्यापाठोपाठ येतेच. मला ते मान्य नाही.

हे भाषण मुळातून वाचले तर त्याचा मोठा भाग हिंदू-मुस्लिम ऐक्याने आणि जिनांशी असलेल्या मतभेदांनी व्यापलेला दिसतो. 'भारत छोडो' ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्या १३ सदस्यांचे त्यात अभिनंदनही आहे. 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र त्यात आहेच. पण लढा या क्षणी सुरू होत नाही, आपण व्हाइसरॉयना भेटून काँग्रेसची मागणी मांडणार आहोत आणि त्यात दोन-तीन आठवडे जातील, हेही गांधीजींनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले होते. सरकारने ते आठवडे मिळू दिले नाहीत. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, काँग्रेस कार्यकारिणीची रवानगी नगरच्या किल्ल्यात झाली आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. गावोगाव पोहोचली ती अटकेची बातमी. भाषणाचा मजकूर पोहोचायला वाटच उरली नव्हती.

पुढचा प्रकार तर अधिकच विलक्षण आहे. ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री लिओ ॲमरी यांनी अटकेचे समर्थन करताना काँग्रेसचा कथित बेत नभोवाणीवरून जगाला ऐकवला : संप, तारा तोडणे, वाहतूक बंद पाडणे, सैन्यभरतीला विरोध. नेते तुरुंगात आणि कार्यक्रम कोणाच्याच हाती नाही, अशा अवस्थेत अनेक ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी ती यादी हाच काँग्रेसचा आदेश मानला. त्यामुळे ४२ साली सर्वांत परिणामकारक ठरलेले भाषण कोणते, असे कोणी विचारले तर मी ॲमरींचे नाव घेईन.

कृष्णाकाठ

ॲमरींचा मुद्दा चटकदार आहे, परंतु त्यावर आपण फार मोठी इमारत उभी केली आहे. गांधीजींच्या भाषणात मंत्राइतकेच महत्त्वाचे आणखी एक सांगणे होते : या क्षणापासून प्रत्येकाने स्वतःला स्वतंत्र समजावे. त्याच बैठकीतल्या ठरावातही, सूचना पोहोचणे अशक्य झाले तर प्रत्येक स्त्री-पुरुषाने दिलेल्या चौकटीत स्वतःच्या जबाबदारीवर काम करावे, अशी तरतूद होती. नेते पकडले जाणार हे गृहीत धरूनच ही भाषा वापरलेली होती. तेव्हा अटकेमुळे भाषण निरर्थक ठरले असे म्हणणे योग्य नाही. ज्या प्रसंगासाठी ते केले होते तोच प्रसंग अटकेने आणला.

आमच्या साताऱ्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर असा लोकांचा कारभार, चालवले. गावातले तंटे गावात मिटवणे आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे ही कामे ते करत होते. इंग्रजांचे राज्य आपल्यापुरते संपले असे धरून चालणारी माणसेच असा कारभार उभा करू शकतात. 'स्वतःला स्वतंत्र समजा' या सांगण्याचा याहून सरळ अर्थ कोणता असेल?

तळटीप

मला मूळ लेखातला संशय रास्त वाटतो. साताऱ्याचेच उदाहरण घेतले तर तिथे सत्यशोधक चळवळीने शेतकरी समाजाला दोन पिढ्या आधीपासून सत्तेला प्रश्न विचारायला शिकवले होते. ती मशागत नसती तर मुंबईच्या एका रात्रीतून प्रतिसरकार उगवले नसते, आणि ज्या इतर शेकडो तालुक्यांसाठी तेच भाषण होते तिथे ते उगवलेही नाही. विदर्भात चिमूरला १६ ऑगस्टला जो उठाव झाला, त्यामागे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी केलेली जागृती होती, असे तिथली माणसे आजही सांगतात. प्रत्येक ठिकाणी लोकांना उठवणारा आवाज जवळचा, ओळखीचा होता.

दुसरे असे की, गांधीजींच्या भाषणात अहिंसेची अट होती. प्रत्यक्षात पोलीस ठाणी जळली, रूळ उखडले गेले, चिमूर आणि आष्टीला अधिकारी व पोलीस मारले गेले. या हिंसेची जबाबदारी गांधीजींनी कधीच स्वीकारली नाही. सरकारच्या दडपशाहीने लोक बिथरले, हीच त्यांची भूमिका राहिली आणि या वादातूनच त्यांनी १० फेब्रुवारी १९४३ पासून आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण केले. ज्या आंदोलनाची जबाबदारी वक्ता स्वतः घेत नाही, त्याचे श्रेय त्याच्या भाषणाला कसे द्यायचे?

मध्यलहर

शब्द पोहोचायला वाटच नव्हती, हे विधान मात्र टिकत नाही. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेले काँग्रेस रेडिओचे गुप्त केंद्र २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटर लहरींवर बोलत होते आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागेपर्यंत जागा बदलत राहिले. चोरून छापलेली पत्रकेही फिरत होती. शिवाय भाषणाचा परिणाम व्हायला ते जसेच्या तसे कानावर पडावे लागते, असे कुठे आहे? चर्चिल यांचे ४ जून १९४० चे प्रसिद्ध भाषण कॉमन्स सभागृहात झाले. सामान्य ब्रिटिश माणसाला त्या दिवशी त्यातले उतारे वृत्तनिवेदकाच्या आवाजात ऐकायला मिळाले, आणि चर्चिल यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका १९४९ सालची आहे.

पुराभिलेख

मध्यलहर, रेडिओचे श्रेय आपण भाषणाला देत आहात. मी ते उषाताईंना देईन.

एक कसोटी सुचवतो. गांधीजींनी त्या रात्री पत्रकार, संस्थानिक, सरकारी नोकर, सैनिक आणि विद्यार्थी अशा वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे सल्ले दिले. सरकारी नोकरांना त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांचा दाखला दिला : रानड्यांनी नोकरी सोडली नाही, पण आपण काँग्रेसचे आहोत हे उघडपणे सांगितले, तसे तुम्हीही सांगा. किती नोकरांनी सांगितले? राज्ययंत्रणा थोड्या आठवड्यांत पुन्हा सुरळीत झाली आणि सैन्यही सरकारच्या बाजूने ठाम राहिले. विद्यार्थी तेवढे उठले, आणि ते आधीपासूनच अस्वस्थ होते. सरकारने भाषणाला घाबरून अटक केली असेही म्हणता येणार नाही, कारण ठराव मंजूर होताच धरपकड करायची हे आधीच ठरलेले होते.

कृष्णाकाठ

कसोटी चांगली आहे, पण आपण ती नोकरदारांवर लावून थांबलात. ती मोर्चांवर लावून पाहू. ऑगस्टच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावात मोर्चाने कचेरी ताब्यात घेतली, मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावली आणि कचेरीवर तिरंगा चढवला. ९ तारखेला वडूजला नि:शस्त्र मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा झेंडा हाती घेऊन पुढे असलेले परशुराम घार्गे पडले; त्याच दिवशी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार तिरंग्यासह गोळीला सामोरा गेला.

अटकेला तोवर महिना झाला होता, त्यामुळे ही त्या पहाटेच्या संतापाची उसळी होती असे म्हणता येत नाही. ॲमरींच्या यादीत तारा होत्या, रेल्वे होती, संप होते. मामलेदाराला टोपी घालून त्याच्याच कचेरीवर झेंडा लावण्याचे कलम त्यांच्या यादीत नव्हते. ते कलम तासगावच्या शेतकऱ्यांनी कुठून आणले, याचे उत्तर आपल्या मांडणीत मला अजून सापडलेले नाही.