मदत हवी आहे : विणीला आलेले वॉलआय धरावेत का?

खटपट्या
लवकर उत्तर हवंय, शनिवारी पहाटे निघायचंय. ऑफिसातली मंडळी वॉलआय (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) धरायला घेऊन चाललीत. मासे अंडी घालायला नदीत चढलेत, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळ टाकायचा. मासेमारी मला नवी नाही, खातोही आवडीने. पण बायकोने एका वाक्यात विकेट काढली, "बाळंतपणाला माहेरी आलेल्या बाईला कोणी मारतं का?" जावं की नाही, एवढंच सांगा. लांबण लावू नका.

थंडगार
नैतिकतेचं नंतर बघू, आधी दंड भराल. फेब्रुवारीअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत इथल्या तळ्यांत वॉलआयचा सीझन बंद असतो. विणीसाठीच.

खटपट्या
'इथल्या' म्हणजे?

थंडगार
मिनेसोटा. तुम्ही कुठे आहात ते लिहिलंयत कुठे?

चिंबोरी
मला वाटलं कोकणातलं विचारताय! आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा अख्खा गाव पाग घेऊन शेतात. पोट गाबोळीने तट्ट फुगलेली चिवणी, चिंचेचा कोळ घालून... इथे न्यू जर्सीत बसून नुसतं आठवायचं.

खटपट्या
मॉमी नदी, ओहायो. मार्च-एप्रिलमध्ये वॉलआयसाठी दुसरीकडे कुठे जातात लोक?

थंडगार
डेट्रॉइट नदीवर जातात, विस्कॉन्सिनात जातात. आम्ही काय मनकवडे आहोत?

जुनागडी
मॉमीत पेरिसबर्गच्या बाजूने बरीच वर्षं उतरतोय, म्हणून लिहितो. ओहायोत हा सीझन कायदेशीर आहे, फक्त नियम कडक. मार्च-एप्रिलमध्ये नदीच्या त्या पट्ट्यात सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ, दोरीला एकच गळ, तीन तोंडांचा चालत नाही. मासा तोंडाच्या आत लागला तरच तुमचा. शेपटीला, पोटाला अडकला तर जागच्या जागी सोडायचा. दिवसाला सहा, आणि १५ इंचांखालचा नको.

आता पाप-पुण्य. वॉलआय घरटं करत नाही, पिल्लं राखत नाही. वाहत्या पाण्यात खडीवर अंडी टाकून मादी परत लेक ईरीकडे, मॉमी ज्याला मिळते त्या सरोवराकडे. मोठी मादी लाखांनी अंडी टाकते, त्यातली बहुतेक वाया जातात. पिढी तगणार की नाही हे बरंचसं वसंतातल्या हवेवर ठरतं. २००३ मध्ये असं जमून आलं की पुढे कितीतरी वर्षं लेक ईरी त्या एका पिढीवर जगलं. त्यामुळे तुमच्या सहा माशांनी सरोवर रिकामं होत नाही.

क्षमस्व
मुळात मासे खायचेच कशाला? डाळीत प्रथिनं असतात.

चिंबोरी
आल्या. प्रत्येक माशाच्या धाग्यावर येतात.

थंडगार
@जुनागडी, मग मिनेसोटावाले मूर्ख आहेत का? १९७० मध्ये पाऱ्यामुळे ईरीतली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली, तेव्हाच्या विश्रांतीतच मासा सावरला. हात आखडता घेतला की फरक पडतो, हे तुमच्याच सरोवराने दाखवलंय.

जुनागडी
ती बंदी काही विणीपुरती नव्हती. शिवाय तोवर ईरी उपसत होती जाळी, कमरेएवढ्या पाण्यातला गळवाला नव्हे. लहान तळ्यातला मासा एका उथळ कोपऱ्यात गोळा होतो, तिथे बंदी हवीच. ईरीत किती काढायचे याचा आकडा कमिटी दर वर्षी ठरवते, ओहायो, मिशिगन आणि ऑन्टॅरिओ तो वाटून घेतात. मार्चमध्ये मारा नाहीतर जुलैमध्ये, मेलेली मादी पुढच्या वर्षी अंडी घालत नाहीच.

थंडगार
जुलैमध्ये ती यंदाची अंडी घालून मोकळी झालेली असते. एवढा साधा हिशोब आहे.

मधलीआळी
विस्कॉन्सिनातले ओजिब्वे लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, वसंतातच रात्री भाल्याने वॉलआय मारतात. १८३७ आणि १८४२ च्या करारांत राखलेला हक्क, १९८३ मध्ये कोर्टाने तो मान्य केला. त्यानंतर धक्क्यांवर गोऱ्या जमावाने काय काय शिवीगाळ केली! तेव्हाही तोंडी भाषा 'विणीच्या माशाला वाचवा' अशीच होती. प्रत्यक्षात त्यांच्या माशांची मोजदाद तळ्यागणिक, रात्रीगणिक होते. तेव्हा नैतिकतेच्या गप्पा कोण कोणाला ऐकवतंय तेही बघा.

खटपट्या
माहितीपूर्ण. पण मी ओजिब्वे नाही. शनिवारचं काय?

हवालदिल
वेडर (पाण्यात उतरायची उंच रबरी विजार) घालणार असाल तर कमरेचा पट्टा घट्ट आवळा. पाय घसरला की आत पाणी भरतं, आणि एप्रिलमधलं पाणी गार असतं. काठीही घ्या.

खटपट्या
वेडरबद्दल विचारलं नव्हतं, पण धन्यवाद.

जुनागडी
मासे ठेवणार की सोडणार, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. खरी मेख तिथे आहे. मला त्या नदीत खटकतो तो सीझन नाही, गळ ओढण्याचा प्रकार. मासे इतके दाटलेले असतात की लांब दोरी प्रवाहात आडवी फिरवली की ती माशाच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून गालात रुततो. त्याने आमिष घेतलेलंच नसतं. हे दिवसभर करणारे, आणि मग "लागला, लागला" म्हणत पिशवीत टाकणारे भरपूर आहेत. तुमची मंडळी त्यातली असतील तर घरी झोपा. नाहीतर जा. लहान नर घ्या, त्यांना तिथे जॅक म्हणतात. ते आधी येतात, जास्त दिवस थांबतात, खायलाही तेच बरे. मोठ्या मादीत पारा जास्त असतो. ती सोडा, ओल्या हाताने, पाण्याबाहेर फार न धरता.

चिंबोरी
म्हणजे गाबोळी पाण्यात सोडायची? जीव तुटतो हो.

थंडगार
सोडायचंच असेल तर धरायचं कशाला? अंडी टाकायच्या ऐन वेळी तिला दमवायची, फोटो काढायचा आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचं. मला तर हे ठेवण्यापेक्षा वाईट वाटतं.

जुनागडी
या एका मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

खटपट्या
ठरलं, जातो. जॅक मिळाले तर दोन-तीन आणेन. पण एक सांगा, मादीने गळ खोल गिळला आणि कल्ल्यातून रक्त यायला लागलं तर?

जुनागडी
मग ती घरी न्यायची, सहात धरायची. ती जगायची नाही. बायकोला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

चिंबोरी
आणि गाबोळीचं कालवण कसं करायचं ते विचारायला मला निरोप टाका, सांगते.