‘हवा कुणाच्या बापाची नाही’ म्हणणाऱ्याला माझं उत्तर

कवठ्याचा केबलवाला
परवा इथंच एकानं लिहिलं: “पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्याला परवाना लागत नाही. मोबाईल कंपन्यांनी तिथं एलटीई (फोरजी) चालवलं तर वाय-फायवाल्यांच्या पोटात का दुखतंय? हवा काय कुणाच्या बापाची आहे?” दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२०१८ साली सरकारनं त्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले, त्यावरून इंटरनेट पुरवून माझं घर चालतं. तो पट्टा म्हणजे गावचा सामाईक ओढा. वाय-फाय आधी कान देतं, कुणी बोलत असेल तर थांबतं. एलटीई-यू, म्हणजे ह्या बिनपरवान्याच्या पट्ट्यातलं एलटीई, आलं ते घड्याळ लावून. इतका वेळ चालू, इतका वेळ बंद. आजूबाजूची वर्दळ बघून वेळ कमी-जास्त करतं म्हणे, पण तोंड उघडताना समोरचा बोलतोय का, हे बघत नाही. आणि हे सगळं करणाऱ्याकडं स्वतःची विहीर, म्हणजे परवान्याचा वेगळा पट्टा आहे! विहीरवाल्यानं ओढ्यावर येऊन दांडगाई करायची?

गेल्या वर्षी ऐन बेदाण्याच्या हंगामात माझी नऊ किलोमीटरची बिनतारी लिंक बंद पडली. रात्री नऊला पाण्याच्या टाकीवर चढलो. सिग्नल उणे ६२ डीबीएमवर (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त) जागच्या जागी, पण गोंगाट उणे ९६ वरून थेट उणे ७५ वर. शेजारच्या टाकीवर कुणीतरी ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा रेडिओ लावला होता. सकाळी व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले, सौदे अडकले म्हणून. नियम नसला की असं होतं.

मिरजेचा आरएफवाला
अण्णा, तुमचं दुःख खरं, आरोपी चुकला. घड्याळवालं एलटीई-यू मागं पडलं. मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी संस्थेच्या २०१६ च्या रिलीज १३ मध्ये त्याच कामासाठी एलएए आलं, ते कान देऊनच बोलतं. युरोप-जपानमध्ये कान दिल्याशिवाय परवानगीच नाही. रिलीज १६ चं एनआर-यू, म्हणजे त्याचा फाइव्हजी अवतार, पण तसंच. आता आकडे बघा. उणे ७२ एवढा सिग्नल ऐकू आला की एलएए थांबतं. वाय-फाय दुसऱ्या वाय-फायला उणे ८२ लाही ओळखतं, पण परका सिग्नल असेल तर उणे ६२ पर्यंत खुशाल बोलत राहतं. मग बहिरं कोण?

टेलचा शेतकरी, जत
रेडिओतलं मला कळत नाही, पण ओढ्याचं नाव काढलं म्हणून लिहितो. घड्याळ लावून पाळी देणं हा अन्याय कसा काय? आम्ही म्हैसाळ उपसा योजनेच्या आवर्तनात हेच मागत आलोय! कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून आमच्यापर्यंत येतं. वरचे मोटारी टाकून ओढतात, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, ओल पण पोचत नाही. “कान देऊन, मोकळं दिसेल तेव्हा घ्या” म्हटलं तर जो मुखाजवळ त्याचंच रान भिजणार. पाळीपत्रक असेल तरच टेलवाला जगतो.

म्हैसाळकर
दादा, दरवेळी वरच्यांना चोर म्हणू नका. कालव्याच्या पाझरानं माझी दीड एकर क्षारपड झाली. ऊस पिवळा पडतो, मातीवर पांढरा थर येतो, मूठभर उचलली तर हाताला मिठासारखी लागते. ह्याची भरपाई टेलवाले देणार का?

टेलचा शेतकरी, जत
तुमची दीड एकर जास्त पाण्यानं गेली. आमच्या बागा टँकरवर जगवल्या, काही जळाल्या. दोन्ही दुःखं एका मापानं मोजू नका.

म्हैसाळकर
जमीन गेली ती गेलीच की ओ! तुमच्या बागेला पुढच्या वर्षी पाणी मिळेल, माझ्या रानातलं मीठ कोण काढणार?

विश्रामबागची शिक्षिका
दोघंही थांबा, धागा रेडिओचा आहे. समान पाळी म्हणजे न्याय, हेही मला पटत नाही. आमच्या संगणक कक्षात चाळीस मुली. वाय-फाय सगळ्यांना बोलायची सारखी संधी देतं. दाराशी एखादा जुना फोन कमी वेगानं जोडलेला असला की तो तेवढ्याच माहितीला कितीतरी जास्त वेळ हवा अडवतो आणि बाकीच्या ताटकळतात. संधी सारखी, वेळ सारखा नाही. मोजायचं काय, हे आधी ठरवा. थ्रीजीपीपीनं एलएएसाठी लावलेली कसोटी मला तरी रास्त वाटते: शेजारी आणखी एक वाय-फाय आल्यावर जेवढा त्रास झाला असता, त्याहून जास्त देऊ नये.

मिरजेचा आरएफवाला
मॅडम, अगदी बरोबर. अण्णा, एक सरळ विचारतो. तुमच्या टाकीवरच्या लिंकमध्ये कान देणं चालू आहे, का टीडीएमए, म्हणजे ठरलेल्या वेळेची पाळी?

कवठ्याचा केबलवाला
टीडीएमए. नऊ किलोमीटरवर कान देणं चालत नाही, समोरचा बोलला हे ऐकू यायलाच उशीर होतो.

मिरजेचा आरएफवाला
म्हणजे तुम्हीपण घड्याळ लावूनच बोलता. खाली एखाद्या घरातलं वाय-फाय तुमच्यामुळं बसत असेल, त्यानं कुणाला सांगायचं?

कवठ्याचा केबलवाला
हे लागलं. खोटं कशाला बोलू, असा विचार कधी केला नव्हता. माझा रेडिओपण ओढ्यावर दांडगाई करतो, मान्य. आणि उणे ७२ चा आकडा मला माहीत नव्हता, तोही मान्य. पण विहिरीचा मुद्दा सोडणार नाही. माझी पाळी हुकली तर माझ्याकडं दुसरं काहीच नाही. त्यांचा फोन परवान्याच्या पट्ट्यावर परत जातो, गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. दोघांना एकच कसोटी कशी लावता?

टेलचा शेतकरी, जत
आता बोललात! ज्याच्याकडं विहीर, त्याची पाळी शेवटी. आमच्या गावात आजपण हीच रीत आहे.

मिरजेचा आरएफवाला
रीत चांगली आहे, पण कुठल्याच मानकात ती नाही. एवढ्यापुरतं तुमचं खरं धरतो.

कवठ्याचा केबलवाला
रविवारी टाकीवर चढून माझी रुंदी ४० मेगाहर्ट्झवर आणतो, पॉवरपण उतरवतो. शेजारच्या टाकीवाल्याला फोन केलाय, तो ‘बघू’ म्हणालाय.