साहित्य पुरस्कारांच्या परीक्षणात अक्षरजुळणीचा विचार व्हावा का?

समास :
नागपुरात आणि एकूण विदर्भात दरवर्षी जे साहित्य पुरस्कार दिले जातात, त्यांच्या परीक्षणात पुस्तकाच्या आतल्या पानांची मांडणीही पाहिली जावी, असा प्रस्ताव मी चर्चेसाठी ठेवत आहे. किमान अट एवढीच असावी, की ज्या पुस्तकाच्या श्रेयपानावर अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांची नावे नाहीत, ते पुस्तक पुरस्कारासाठी स्वीकारले जाऊ नये. मुखपृष्ठाबद्दल माझी तक्रार नाही. दीनानाथ दलालांपासून सुभाष अवचटांपर्यंत मुखपृष्ठकार मराठी वाचकाला नावानिशी ठाऊक आहेत; त्या मुखपृष्ठाच्या आतली दोनशे पाने कोणी लावली, हे मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

प्रश्न केवळ देखणेपणाचा असता, तर मी तो पुरस्कारांशी जोडला नसता. कवितेचेच उदाहरण घेऊ. डेमी आकाराच्या पानावर दीर्घ ओळ मावत नाही, तेव्हा ती मोडून खाली आणावी लागते, आणि मोडलेला तुकडा आत सरकवून लावला तरच तो आधीच्या ओळीचा आहे हे वाचकाला कळते. आपल्याकडच्या कित्येक संग्रहांत हा तुकडा सरळ डाव्या समासाला चिकटवलेला असतो. कवीने एक ओळ लिहिलेली असते, वाचक दोन वाचतो आणि परीक्षकही दोनच वाचतो. अशा वेळी 'ओळींची लय सैल आहे' असा शेरा परीक्षकाने दिला, तर तो कवीच्या कामावर दिला की डीटीपी करणाऱ्याच्या, हे त्यालाही सांगता येणार नाही.

गद्याचीही सुटका नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य' मोडून 'र्य' होतो, हा अनुभव छपाईच्या व्यवसायात नवा नाही. नागपूरच्या ग्रेस यांना २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्या पुस्तकासाठी मिळाला, त्या 'वाऱ्याने हलते रान'च्या नावातच हे जोडाक्षर आहे, आणि ते 'वार्याने' असे उमटले तरी आपण मुकाट्याने वाचून पुढे जातो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. अकादमी पुरस्कारविजेत्याला जो ताम्रपट देते, त्याची आखणी सत्यजित राय यांची आहे. चित्रपट करण्यापूर्वीपासून राय कोलकात्याच्या सिग्नेट प्रेससाठी पुस्तके सजवत होते, आणि पुढे त्यांनी रोमन लिपीचे फॉन्टही आखले. अक्षराची इतकी जाण असलेल्या माणसाने आखलेला ताम्रपट ज्या पुस्तकांना दिला जातो, त्यांचे अक्षर पाहण्याची पद्धत मात्र नाही.

धंतोलीकर :
आपल्या निरीक्षणांशी माझा वाद नाही, निष्कर्षाशी आहे. साहित्य पुरस्कार संहितेला दिला जातो. कागद, शाई आणि फॉन्ट यांना नव्हे. तुकोबांचे अभंग वहीत ओळींची कोणतीही शिस्त न पाळता सलग लिहिले गेले आणि कीर्तनात कानांनी ऐकले गेले, म्हणून त्यांच्या काव्यगुणांत उणेपणा आला नाही. चांगल्या परीक्षकाने वाईट छपाईच्या पलीकडे पाहावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही; ज्याला ते जमत नाही, त्याला परीक्षक नेमू नये.

दुसरे असे, की शिक्षा कोणाला होणार याचा विचार आपण केलेला दिसत नाही. विदर्भातील नव्या कवींपैकी बहुतेकांना पहिला संग्रह स्वखर्चाने काढावा लागतो. गडचिरोलीतील एखाद्या शिक्षकाने सोसायटीचे कर्ज काढून पुस्तक छापले आणि प्रकाशकाने श्रेयपानावर दोन नावे टाकण्याचा आळस केला, तर पुस्तक बाद होईल त्या शिक्षकाचे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशनसंस्थांकडे मांडणीसाठी वेगळा माणूस असतो. त्यांची पुस्तके देखणी असतात आणि त्या देखणेपणाचा अप्रत्यक्ष लाभ त्यांना आजही मिळतोच. तो लाभ नियमात लिहून पक्का करण्याची घाई कशासाठी? प्रकाशनव्यवसायाच्या गौरवासाठी राज्य शासनाचा श्री. पु. भागवत पुरस्कार आहेच.

समास :
श्री. पु. भागवत पुरस्कार प्रकाशनसंस्थेच्या एकूण कामगिरीसाठी आहे. एखाद्या पुस्तकाची पाने लावणाऱ्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही. तुकोबांच्या उदाहरणाबद्दल एवढेच म्हणेन, की अभंगाची यमके कानाला ओळ दाखवून देतात. मुक्तछंदाला तो आधार नाही. १९४५ नंतरच्या मराठी कवितेचा मोठा भाग पानावर पाहूनच वाचावा लागतो, आणि त्या पानावरची मोकळी जागा हाही कवितेचा भाग असतो. ती जागा ज्याच्या हाताखालून जाते, त्याला संहितेबाहेरचा मानणे मला पटत नाही. शिक्षकाच्या खर्चाचा मुद्दा रास्त आहे, परंतु श्रेयपानावर दोन नावे छापायला एक पैसाही लागत नाही, आणि ही अट आधी जाहीर झाली तर प्रकाशकाला ती पाळायला लावणे लेखकाच्याच हातात राहील.

महालचा छापखाना :
मी या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पुस्तक कसे तयार होते हे पाहिल्याखेरीज दोष कोणाचा हे ठरवता येणार नाही.

कवीकडून मजकूर तीन प्रकारांनी येतो : वहीतला, मोबाइलवर टाइप केलेला, किंवा कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये बसवून दिलेला. कवी सांगतो, की सहा फॉर्ममध्ये बसवा. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे शहाण्णव पाने. मजकूर शंभर पानांचा निघाला, की वरच्या चार पानांसाठी आणखी एक फॉर्म चढवावा लागतो आणि खर्च वाढतो; मग ओळींमधले अंतर कमी होते, शीर्षकावरची जागा कमी होते, एका पानावर दोन कविता येतात आणि लांब ओळ मिळेल तिथे मोडली जाते. ऑपरेटरला पानामागे पैसे मिळतात. ज्या पानावर त्याने अर्धा तास विचार केला आणि जे पान दोन मिनिटांत लावले, त्या दोन्हींचा दर एकच असतो.

तांत्रिक बाजूही सांगतो. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळींचे अंतर आपोआप ठेवू दिले, तर ते अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरले जाते, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४ पॉइंट. रोमन लिपीला हे पुरते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात जाऊन बसतो. मी १२ पॉइंटला १७ किंवा १८ ठेवतो, आणि तेवढ्यावरून पाने वाढली म्हणून गिऱ्हाइकाशी वादही घालतो.

नागपूरची आणखी एक अडचण पुण्याच्या लोकांच्या लक्षात येणार नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि येथे हिंदी व मराठीचे काम अनेकदा एकाच छापखान्यात चालते. सकाळी हिंदी साप्ताहिक लावणारा ऑपरेटर दुपारी त्याच फॉन्टमध्ये मराठी संग्रह लावतो, आणि मराठी पुस्तकात हिंदी वळणाचे ल आणि श येतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी ठरवून दिले आहेत. काही युनिकोड फॉन्टांत मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली, की ही दोन्ही अक्षरे आपोआप बदलतात. एका क्लिकचे काम आहे, पण ते कोणी सांगितलेलेच नसते. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट तर मराठी वळण डोळ्यांपुढे ठेवूनच केलेला आहे. तरी संगणकाच्या पडद्यासाठी आखलेल्या मंगलमध्ये आख्खी कादंबरी छापून घेणारे लेखक मी पाहिले आहेत.

एवढे सांगूनही समास यांच्या अटीला माझा विरोध आहे. शेवटच्या प्रुफावर लेखक स्वतः चाळीस दुरुस्त्या करतो, मुद्रितशोधकाला पुन्हा पान दाखवले जात नाही, आणि चुका राहिल्या तर छापलेले नाव त्या गरीब माणसाचे असेल. श्रेय हवे, तर शेवटचे प्रूफ पाहण्याचा अधिकारही हवा. त्याची हमी कोणता पुरस्कार देणार आहे?

वाचनालय :
मी एका सार्वजनिक वाचनालयात काम करते, म्हणून वाचकांच्या बाजूने दोनच वाक्ये. आमचे नियमित सभासद बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, आणि पुरस्कारप्राप्त म्हणून आवर्जून मागवलेले पुस्तक 'अक्षर बारीक आहे' म्हणून परत येते, तेव्हा त्या पुरस्काराचा वाचकाला काय उपयोग झाला, हे मला परीक्षकांना विचारावेसे वाटते. शिवण न घालता नुसत्या डिंकाने चिकटवलेली पुस्तके तर उन्हाळ्यात, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की पानापानाने सुटतात. परंतु तो विषय बांधणीचा असल्याने येथे वाढवत नाही.

अर्धविराम :
मला दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धेच पटते. साहित्याच्या आणि मांडणीच्या गुणांची एकाच तराजूत बेरीज करू नये, हे धंतोलीकरांचे म्हणणे योग्य आहे. इतरत्रही तसे केले जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये अक्षररचनाकार यान चिखोल्ड यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये सुंदर पुस्तकांची निवड सुरू झाली, आणि लाइपझिग येथे १९६३ पासून जगभरातील पुस्तकांची अशी स्पर्धा होते. तेथे आखणी, अक्षर, कागद, छपाई आणि बांधणी पाहिली जाते. कादंबरी थोर आहे की नाही, हा प्रश्न त्या परीक्षकांपुढे नसतो. आपल्याकडेही भारतीय प्रकाशकांचा महासंघ ग्रंथनिर्मितीसाठी पारितोषिके देतो, पण नागपूरच्या छोट्या प्रकाशकाला त्याचा पत्ताही नसतो.

तथापि चिखोल्ड यांचे अधिक उपयोगी काम स्पर्धेचे नव्हे, असे माझे मत आहे. १९४७ ते १९४९ या काळात ते पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनसंस्थेत होते आणि तेथे त्यांनी अक्षरजुळणीची चारपानी नियमावली तयार केली : शब्दांत किती अंतर ठेवावे, विरामचिन्हे कशी लावावीत, परिच्छेद कसा सुरू करावा. स्वस्तातली कागदी बांधणीची पुस्तकेही त्या नियमांनी नीटस झाली. विदर्भ साहित्य संघासारख्या १९२३ पासून काम करणाऱ्या संस्थेने मराठीसाठी अशी चार पाने काढली, त्यांत मोडलेली ओळ, ऱ्य, ल-श, ओळींचे अंतर आणि शेवटच्या प्रुफावरील सही एवढे विषय घेतले आणि पुरस्कारासाठी पुस्तके मागवताना ती सोबत पाठवली, तर कोणालाही बाद करण्याची गरज पडणार नाही.

धंतोलीकर :
नियमावलीला माझा पाठिंबा आहे, मात्र ती मार्गदर्शक असावी, बंधनकारक नसावी. चिखोल्ड यांच्या हाती एक प्रकाशनसंस्था होती आणि नियम न पाळणाऱ्या छापखान्याचे काम काढून घेण्याची ताकद त्या संस्थेत होती. साहित्य संस्थेच्या हाती ती नाही. म्हणून ही चार पाने छापखान्यांच्या भिंतीवर लागतील आणि काम पूर्वीच्याच दराने, पूर्वीच्याच घाईत चालेल, अशी मला भीती वाटते. महालच्या गृहस्थांनी पैशांचा जो हिशेब मांडला, त्याला आपल्यापैकी कोणीही उत्तर दिलेले नाही.

समास :
नेमक्या याच कारणासाठी मला पुरस्काराचा दट्ट्या हवा आहे. छोट्या प्रकाशकावर दबाव आणू शकेल अशी दुसरी कोणतीही गोष्ट या शहरात नाही. 'पुरस्कारप्राप्त' ही तीन इंच रुंद पट्टी मुखपृष्ठावर लावता यावी म्हणून तो पुष्कळ काही करायला तयार असतो. छापखान्याच्या आक्षेपानुसार मी अटीत बदल करतो : नावे असावीत, आणि शेवटच्या प्रुफावर मुद्रितशोधकाची सही असलेल्या एका पानाची प्रत अर्जासोबत जोडावी. लेखकाने त्यानंतर केलेल्या दुरुस्त्यांची जबाबदारी लेखकाची.

महालचा छापखाना :
सही मिळेल. पण सही केल्यानंतर लेखक रात्री साडेदहाला फोन करून अर्पणपत्रिका बदलतो, आणि तिच्या मागोमाग पहिल्या फॉर्मची सगळी पाने सरकतात. ते सरकलेले पान पुन्हा पाहण्याचे पैसे कोण देणार, हे अटीत लिहिणार असाल तर माझा विरोध मागे घेतो.

धंतोलीकर :
माझा कायम आहे. सहीचे पान जोडले नाही म्हणून चांगला संग्रह परत पाठवण्याची वेळ आली, तर परीक्षक म्हणून मी तो परत पाठवणार नाही, वाचेन.