जखमी वन्यप्राण्याला शेवटच्या फळीतली प्रतिजैविकं द्यावीत का?

निशाचर:
उपचार केंद्रात आणलेल्या कोल्ह्याच्या किंवा घारीच्या जखमेतला पू तपासायला पाठवला आणि नेहमीची बहुतेक औषधं निकामी असल्याचा अहवाल आला, तर पुढे काय? माझं मत: मेरोपेनेम, कोलिस्टिन ही शेवटच्या फळीतली औषधं अशा प्राण्यासाठी वापरू नयेत. माणसांच्या अतिदक्षता विभागात शेवटी त्यांच्यावरच भिस्त असते. शिवाय बाहेरून बरा दिसणारा प्राणी ते जंतू आतड्यात घेऊन पाणवठ्यावर परत जाऊ शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे. वेदना आटोक्यात येत नसतील तर शांत मरण देणं हीसुद्धा दयाच.

रानवाट:
अजिबात पटलं नाही. हे जंतू घारीने तयार केले का? मैलापाणी, रुग्णालयांचा कचरा, वजन वाढावं म्हणून कोंबड्या-डुकरांना चारलेली औषधं, हे सगळं माणसाचं. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जगासमोर आणलं. तिथे पशुपालनात हे औषध टनांनी वापरलं जात होतं. कळपच्या कळप औषधावर पोसायचे आणि काटकसर एका जखमी पक्ष्याच्या मात्रेत करायची, हा कुठला न्याय?

सूक्ष्मजीव:
रानवाट, 'सगळं माणसाचं' यात थोडी दुरुस्ती. युरोपातल्या हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्यं बनवते. तिच्या सहवासात स्टॅफिलोकोकस या जंतूचे, पेनिसिलिनच्याच कुळातल्या मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारे काही वाण एकोणिसाव्या शतकातच तयार झाले होते, असं २०२२ च्या संशोधनातून दिसलं. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. प्रतिरोध जुनाच आहे, आपण त्याला रान मोकळं करून दिलं.

जखमपट्टी:
वन्यप्राण्यांवर उपचार करते म्हणून लिहिते. औषध कुठलं यावर वाद चाललाय, पण जखमेचं काय? सडलेलं मांस काढणं, भरपूर सलाइनने धुणं, पूला वाट करून देणं हे आधी. जंतू चिकट थर करून बसले की भारी औषधही आत नीट पोचत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. रानटी जनावर रोज धरता येत नाही, धरलं की ते भेदरतं. म्हणून सेफोव्हेसिनसारखं लांब टिकणारं इंजेक्शन टोचून मोकळं व्हायचा मोह होतो. कुत्र्या-मांजरांत त्याचा असर जवळपास दोन आठवडे राहतो. सगळ्या प्राण्यांत तो तसा राहत नाही, पक्ष्यांत तर फार लवकर ओसरतो. तरी नमुना न घेताच ते दिलं जातं, याचा मला राग येतो. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण पहिल्या मात्रेआधी नमुना घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि हातमोजे न बदलता एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात गेलं, तर जंतू आपणच पोचवतो.

निशाचर:
नमुना आधी, मान्य. पण हाडापर्यंत संसर्ग गेलाय आणि फक्त मेरोपेनेम चालतंय, अशा वेळी? दिवसातून दोन-तीनदा इंजेक्शन, तेही कित्येक आठवडे. त्या जिवाचे हाल कोण मोजणार? दुर्मिळ गिधाडासाठी मी अपवाद करेन, वेगळं ठेवून आणि सोडण्याआधी विष्ठा तपासून.

रानवाट:
हालांचा मुद्दा मानते. उडता किंवा शिकार करता येणारच नसेल, तर मीही हट्ट धरणार नाही. पण गिधाडाला अपवाद आणि घारीला नकार, हे मान्य नाही. घारी पुष्कळ आहेत म्हणून या घारीचं दुखणं कमी होत नाही.