मदत हवी आहे: डिस्नीचं ते महागडं हॉटेल घेऊ का नको? (अर्जंट)

शाहूपुरीची सून
नमस्कार लोक्स. डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून थेट विचारते. डिस्नीलँडला दोन रात्री राहायचंय. नवऱ्याचं म्हणणं, आयुष्यात एकदाच जातोय तर पार्काच्या दारातलंच हॉटेल घेऊ. माझं म्हणणं, तेवढ्या पैशात साताऱ्यात आमच्या गच्चीवर पत्र्याचं शेड होतंय आणि वर थोडे उरतायत. दर रोज वाढतायत म्हणून त्याला आज रात्रीच बुकिंग करायचंय. गेलेल्यांनी सांगा, पैसे वसूल होतात का? नुसतं हो किंवा नाही सांगितलंत तरी चालेल.

काटकसरे
नाही.

हळदकुंकू
आम्ही सांगलीहून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. अजिबात दारातलं घेऊ नका. सनी बे स्टेशनला गाडी बदलली की डिस्नीची वेगळी गाडी लागते, तिच्या खिडक्यासुद्धा मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या! मुलं तिथेच अर्धी खूश. शहरात राहायचं, सकाळी जायचं, रात्री परत. आणि निघायच्या आधी ते ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन विसरू नका, नाहीतर विमानात बसू देणार नाहीत. 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

शाहूपुरीची सून
@हळदकुंकू, व्हिसा लागत नाही?? आम्ही तर त्याच्याच मागे धावतोय.

हळदकुंकू
हाँगकाँगला नाही लागत. तुम्ही कुठल्या डिस्नीला निघालाय?

शाहूपुरीची सून
अहो पॅरिस! लिहिलं नाही का मी? सॉरी. भाऊ स्टुटगार्टला असतो, त्याच्याकडे पंधरा दिवस, त्यातले तीन दिवस पॅरिस.

तात्या मिरजकर
व्हिसा कुणाचा काढताय? फ्रान्सचा काढत असाल तर थांबा. शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. तुमचे बारा दिवस जर्मनीत जाणार, म्हणजे अर्ज जर्मनीकडे. आमच्या साडूने हेच उलटं केलं होतं, सगळी फाइल पुन्हा करावी लागली. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा घ्या.

शाहूपुरीची सून
तात्या, व्हिसा जर्मनीचाच टाकलाय. प्रश्न हॉटेलचा आहे हो.

उगाच काहीतरी
एवढं लांब कशाला, खोपोलीचं इमॅजिका काय वाईट आहे? तिथेही लागूनच हॉटेल आहे. सकाळी साताऱ्यातून निघालात तर दुपारच्या जेवणाला तिथे. उरलेल्या पैशात शेड. (हलके घ्या.)

कराडची कृष्णा
मी मूळची कराडची, आता फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला असते. घरी पाहुणे आले की त्यांना डिस्नी दाखवणं माझ्याकडे लागलंय, त्यामुळे चार वेळा झालंय.

तुमचा नवरा म्हणतोय ते गुलाबी हॉटेल असणार, ज्याच्या खालूनच पार्कात शिरतात. पार्काबरोबर 1992 मध्ये उघडलेलं. 2020 पासून बंद होतं, सगळं नव्याने करून जानेवारी 2024 मध्ये उघडलं, आता पंचतारांकित. देखणं आहे यात वाद नाही. पण ते घेण्यासाठी लोक जे पहिलं कारण सांगतात ते पोकळ आहे. सकाळी इतरांच्या आधी साधारण तासभर पार्कात सोडतात, तेवढ्यासाठी म्हणे हे हॉटेल. अहो, ती सवलत डिस्नीच्या सांता फे आणि शायेन या स्वस्तातल्या हॉटेलांनाही आहे. सकाळचा तो एक तास खरोखर सोन्याचा असतो, पण त्यासाठी महालात झोपायची गरज नाही.

दुसरं, त्यांच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा पार्काची तिकिटंही धरलेली असतात. बाहेरच्या हॉटेलशी तुलना करताना तिकिटांचे पैसे वेगळे मांडून बघा. नाहीतर आकडा बघूनच भोवळ येते.

आता सांगा, कोण कोण आहात, मुलं केवढी, महिना कुठला? यावर सगळं आहे.

काटकसरे
डिस्नीचं कुठलंच घेऊ नका. आरईआरने (पॅरिसची लोकल) एक स्टेशन अलीकडे वाल द'युरोप आहे, तिथे साधी हॉटेलं आणि मोठा मॉलही. सकाळी एका स्टेशनाचा प्रवास. हॉटेलात आपण फक्त झोपतो. झोपेला कशाला पाच तारे?

कराडची कृष्णा
@काटकसरे, मेमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेनवाच्या सुमारास. पार्कातल्या किल्ल्यावरची रोषणाई अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही. ती संपल्यावर त्या गर्दीत झोपलेलं पोर खांद्यावर टाकून स्टेशन गाठून दाखवा, मग तारे मोजू.

काटकसरे
आम्ही रोषणाई बघितली नाही. काही बिघडलं नाही.

हळदकुंकू
रोषणाई न बघता डिस्नी म्हणजे पालखी न बघता वारी.

शाहूपुरीची सून
आम्ही पाच. मी, नवरा, मोठी सात वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा आणि सासरे. मे महिना. आप्पांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय पण हिंडतात छान. अजिंक्यताऱ्यावर गाडीने जाऊन पुढे चालतात.

तात्या मिरजकर
म्हणजे आजोबांचे गुडघे आणि अडीच वर्षांचं पोर, हे तुम्ही आत्ता सांगताय! मग दारातलंच घ्या. दुपारी दोघांनाही खोलीवर नेऊन झोपवायचं, पाचला परत आणायचं. ही सोय दुसऱ्या कुठल्या हॉटेलातून नाही जमायची. पार्कात चाकाची खुर्ची भाड्याने मिळते, पण झोप भाड्याने मिळत नाही.

उगाच काहीतरी
आणि कंदी पेढे न्या हां, भाऊ खूश होईल.

तात्या मिरजकर
पेढे नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढा म्हणजे खवा.

उगाच काहीतरी
आमचे मेव्हणे दरवर्षी नेतात.

तात्या मिरजकर
पकडले गेले नाहीत म्हणून तो नियम झाला का? भडंग न्या, कुणी विचारणार नाही.

कराडची कृष्णा
पेढ्यांचा वेगळा धागा काढा. मला त्या धाकट्याचं सांगा. अडीच म्हणजे नक्की किती? तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, आणि खोलीतल्या माणसांतही तो धरत नाहीत, पाळणा देतात. साध्या खोलीत सोय चौघांची. तुम्ही चौघं अधिक पाळणा असं बसता. पण तो तीनचा झाला की तुम्ही पाच होता.

शाहूपुरीची सून
वाढदिवस 9 मे. आम्ही पोचतोय 12 ला.

हळदकुंकू
अगं बाई.

कराडची कृष्णा
मग त्या भावात दोन खोल्या, नाहीतर मोठी खोली. नवऱ्याने मुलाचं वय किती टाकून दर बघितलाय?

शाहूपुरीची सून
2. शेजारीच बसून वाचतोय. गप्प झालाय.

काटकसरे
8 मेच्या आत जा.

कराडची कृष्णा
1 आणि 8 मे दोन्ही फ्रान्समध्ये सुट्ट्या आहेत, लोक जोडून रजा टाकतात. दर बघून पुन्हा इथे याल.

शाहूपुरीची सून
शिवाय एप्रिलअखेरपर्यंत मोठीची शाळा. आता एक गंमत सांगते. आवाज ऐकून आप्पा खोलीतून आले. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "मला त्या उंदराकडे कशाला नेताय? स्टुटगार्टला मर्सिडीजचं म्युझियम आहे ना, मी तिथे जाईन." एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढलीयत त्यांनी. पॅरिसला येणार का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. भावाला फोन केला, तो म्हणाला ठेव आप्पांना माझ्याकडे.

तात्या मिरजकर
आप्पांना नमस्कार सांगा. म्युझियमला पूर्ण दिवस ठेवा.

कराडची कृष्णा
झालं मग. चौघं, एक खोली, गुडघ्यांचा प्रश्न नाही. शायेन बघा, मोफत बस आहे, चालत वीसेक मिनिटं. दुपारी पोराला बाबागाडीतच झोपू दे. आणि स्टुटगार्टहून येताना पॅरिस शहरात शिरू नका. स्ट्रासबुर्गला गाडी बदलून थेट डिस्नीच्या स्टेशनला जाणारी टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान रेल्वे) बघा, स्टेशन पार्काच्या फाटकाशीच आहे. मध्ये वेळ असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, स्टेशनवर चहा घेऊन येते.

शाहूपुरीची सून
शायेन बुक केलं! नवरा थोडा फुगलाय, त्याला त्या गुलाबी हॉटेलासमोर फोटो काढायचा म्हणून कबूल केलंय. सगळ्यांचे आभार. कृष्णाताई, व्यनि केलाय. भडंग आणते.

सदरबझारचा वाघ
धागा जुना आहे, पण ते गच्चीचं शेड झालं का? आमच्याकडे माकडांनी कौलं फोडलीयत. साताऱ्यात चौरस फुटाला काय दर पडला ते सांगा. अर्जंट आहे.